पांदणीतली चाकोरी आणि हबलचा डिटेक्टर

[दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाची पांदण. काळ्या मातीत चाकांच्या खोल खुणा.]

रोज एकाच वाटेनं बंड्या गेल्या की चाकोरी खोल होत जाते. शेवटी बंडी जरा बाजूनं काढावी लागते. हबल अंतराळ दुर्बिणीवरच्या ‘कॉस’ स्पेक्ट्रोग्राफवरही, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट काढणाऱ्या उपकरणावरही, हीच वेळ आली.

मे २००९ मध्ये तो बसवला गेला. तो दूर-अतिनील प्रकाश टिपतो. हा प्रकाश हवा वरच शोषून घेते. वैशाखातल्या आपल्या उन्हातही तो नसतो. म्हणून तो मोजायला अंतराळातच जावं लागतं.

प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये सूक्ष्म काचनळ्यांची चकती असते. फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि नळीच्या भिंतींवर आपटत एकाचे सुमारे एक कोटी होतात. हा गुणाकार म्हणजे गेन. नळीतून जितका विद्युतभार निघतो, तितका गेन घटतो.

सर्वांत जास्त मार १२१६ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) तरंगलांबीच्या जागेला बसतो. तारा कोणताही असो, पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनची याच तरंगलांबीची चमक (लायमन-अल्फा) तिथे पडतेच.

[दृश्य: पडद्यावर वर्णपट, मध्ये अरुंद खड्डा.]

नळीतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक झोताची, म्हणजे स्पंदाची, उंची ० ते ३१ या मापात नोंदवतात. गेन घटून उंची २ च्या खाली गेली की स्पंद गाळला जातो. खरे फोटॉन हरवतात आणि वर्णपटात शोषणरेषेसारखा खड्डा दिसतो. वायूचा ढग सापडला असं समजून फसायला होतं ते इथेच.

व्होल्टेज वाढवलं की गेन परत येतो, पण भारही जास्त खर्च होतो. त्यामुळे ते बेताबेतानंच वाढवतात. तेवढ्यानं भागेना, तेव्हा जुलै २०१२ मध्ये वर्णपट साडेतीन आर्कसेकंद (कोनाचं बारीक माप) बाजूला, डिटेक्टरच्या ताज्या जागेवर सरकवला. २०१५ आणि २०१७ मध्ये पुन्हा. शिवाय ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी) किंचित फिरवून चार नोंदी घेतात. एकीतला खड्डा दुसरीतल्या चांगल्या भागानं भरून निघतो.

दुसरी झीज संथ, पण सगळीकडची: संवेदनशीलता उतरते, आणि प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या वेगानं.

[दृश्य: कापसाचा काटा, त्यावर प्रमाणित वजन.]

काटा तपासायला जसं ठरलेलं वजन, तसे इथे श्वेत बटू तारे. त्यांचा प्रकाश बदलत नाही. त्यांची मोजणी सुरुवातीच्या ०.८० पट झाली असेल, तर दुसऱ्या ताऱ्याच्या ४०० मोजणीला ०.८० नं भागून ५०० धरायचे.

क्रम मात्र चुकवू नये. आधी गेन खचलेले पिक्सेल वगळायचे, मग भागाकार. गाळले गेलेले फोटॉन भागाकारानं परत येत नाहीत.

सूर्य जास्त सक्रिय असला की संवेदनशीलता उतरण्याचा वेग वाढतो. त्यामुळे आधीच्या उताराची सरळ रेषा तशीच पुढे ओढून चालत नाही. म्हणून श्वेत बटूंच्या नव्या नोंदी आल्या की आधीची निरीक्षणंही दुरुस्तीच्या नव्या तक्त्यानं पुन्हा काढून घ्यावीत.