हिमाहून शुभ्र

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हिमाचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी येतो, आणि त्या भूमीकडे पाहिले तर ते साहजिक वाटते. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे एखाद्या हिवाळ्यात हिम पडते आणि लवकरच वितळून जाते. उत्तरेला मात्र २,८१४ मीटर उंचीच्या हर्मोन पर्वताचा माथा महिनोन्‌महिने पांढरा असतो. म्हणजे त्या लोकांना हिम ठाऊक होते, पण ते बहुधा दुरून, उंचावर दिसणारे.

हिमाची शुभ्रता म्हणजे पावित्र्य, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. दानीएल संदेष्ट्याला दृष्टांतात दिसलेल्या पुराणपुरुषाचे, म्हणजे देवाचे, वस्त्र हिमासारखे आहे आणि ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरेपाशी उतरलेल्या देवदूताचेही, हे खरेच. पण आपला भाऊ मोशे याच्याविरुद्ध बोललेली मिर्याम कोडाने हिमासारखी पांढरी होते आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागते. लोभापायी खोटे बोललेला सेवक गेहजी आपला धनी अलीशा संदेष्टा याच्यासमोरून निघतो तोही हिमासारखा पांढरा होऊनच. शास्त्राने एकच उपमा तेजाला आणि व्याधीला दिली आहे. तेव्हा नुसत्या पांढऱ्या रंगावर आपल्याला विसंबता येत नाही. ती शुभ्रता कोणाच्या हातून आली, हेच पाहावे लागते.

दुःखाने पोळलेला ईयोब देवाला म्हणतो की मी हिमाच्या पाण्याने अंग धुतले आणि खाराने हात स्वच्छ केले, तरी तू मला खड्ड्यात बुचकळशील आणि माझी वस्त्रेच मला किळसतील. हे धुणे ईयोबाचे स्वतःचे आहे. बथशेबा या परस्त्रीशी केलेल्या व्यभिचारानंतरच्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद राजा वेगळी भाषा बोलतो: तू मला धू, म्हणजे मी हिमाहून शुभ्र होईन. येथील मूळ हिब्रू क्रियापद कपडे धुण्याचे आहे, तुडवून, चोळून मळ काढण्याचे. राजा स्वतःला मळक्या कपड्यासारखा देवाच्या हाती देतो आहे. त्याच ओळीत तो एजोब मागतो, आणि लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात कोड बरे झालेल्या माणसाच्या शुद्धीकरणासाठी हीच वनस्पती वापरतात, हे लक्षात आले की ती प्रार्थना अंगावर येते. दावीद स्वतःला कोडी माणसाच्या जागी उभा करतो आहे.

संदेष्टा यशया पापाला किरमिजी रंग देतो आणि ते हिमासारखे पांढरे होईल असे देवाचे वचन सांगतो. हा रंग बारीक किड्यांपासून काढीत, आणि आपल्या ‘किरमिजी’ शब्दातही तो किडा आहेच. असा रंग लोकरीत एकदा मुरला की घरच्या धुण्याने तो निघत नाही. म्हणूनच त्या वचनाचे मोल मोठे.

पंचावन्नाव्या अध्यायात तोच संदेष्टा म्हणतो की आकाशातून उतरलेले हिम भूमी भिजवून पेरणाऱ्याला बीज आणि खाणाऱ्याला भाकर दिल्याशिवाय परतत नाही. हर्मोनवरचे हिमही तसेच उतरते. ते वितळते, खडकांत झिरपते, पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येते आणि यार्देन नदीला मिळते. कोड बरे होण्यासाठी अलीशाने त्या नदीत स्नान करायला सांगितले, तेव्हा तिचा तिरस्कार करून रागाने निघालेला अरामी सेनापती नामान अखेर सेवकांच्या सांगण्यावरून माघारी वळला आणि तिच्यात सात वेळा बुडी मारून वर आला, तेव्हा त्याची कांती लहान मुलासारखी झाली होती.