रात्री झटकावा लागणारा हात

"रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. उठून हात झटकला की जरा बरं वाटतं." मांस-मासे कापणाऱ्या कामगाराकडून हे ऐकलं की मी आधी बोटं विचारतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आणि करंगळी ठीक? मग मनगटातली नस दबलीय, हा संशय बळावतो. पुढे शर्टाचं बटणही लावता येईनासं होतं.

हे एका दिवसात होत नाही. एकाच पाळीत हजारो वेळा तोच काप, मनगट वाकलेलं, हॉल थंडगार. थंडी मालासाठी असते, पण बोटं त्या माणसाची गारठतात. जाड हातमोजे घातले की पकड आणखी घट्ट धरावी लागते. सुरी बोथट झाली की जोर वाढतो. तिला धार लावायला हात थांबवावा लागतो आणि माल वाहून आणणारा पट्टा तर थांबत नाही! अशा माणसाला "सवय होईल" म्हणतात, तेव्हा मला संताप येतो. अपघाताच्या रजिस्टरात तारीख आणि वेळ लिहावी लागते. बोट कापलं, ओल्या फरशीवर पाय घसरला, तर ती लिहिता येते. या हाताची वेळ कोणती लिहायची?

इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या डॉक्टरने 1700 साली पीठ मळून सुजलेले बेकरी कामगारांचे हात आणि पिठाच्या धुळीने लागणारा खोकला यांबद्दल लिहून ठेवलं होतं. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असंही त्याने डॉक्टरांना बजावलं. पिठाचा दमा आजही आहे. सुट्टीत श्वास मोकळा होतो आणि कामावर परतलं की पुन्हा कोंडतो, ही त्याची खूण.

धंद्याचा हा प्रश्न विचारला नाही, तर काय होतं? अमेरिकेत मिसूरीतल्या एका पॉपकॉर्न कारखान्यातल्या आठ माजी कामगारांच्या फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका कायमच्या बिघडल्याचं 2000 साली उघड झालं. लोण्याच्या स्वादातलं डायअसिटिल हे रसायन पोटात गेलं तर त्रास नसतो, पण त्याची गरम वाफ रोज छातीत जात होती. त्यांच्यातल्या काहींवर आधी दमा, ब्राँकायटिस म्हणून उपचार झाले होते.

2007 साली मिनेसोटातल्या ऑस्टिन गावात डुकराचं मांस कापणाऱ्या कारखान्यातले कामगार पाय लटपटतात, जळजळतात म्हणून दवाखान्यात येऊ लागले. त्यांतले बरेच जण स्पॅनिश बोलणारे. वेगवेगळ्या रुग्णांचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगताना तिथल्या दुभाष्याच्या लक्षात आलं, की सगळ्यांची कहाणी एकच आहे. शोध घेतल्यावर कळलं, की दाबाच्या हवेने डुकराचा मेंदू बाहेर काढताना त्याचे बारीक तुषार उडत आणि ते या लोकांच्या श्वासात जात. त्या तुषारांविरुद्ध शरीराने उभं केलेलं संरक्षण कामगारांच्याच नसांवर उलटलं होतं. हवेचा तो झोत बंद केला आणि नवे रुग्ण यायचे थांबले. आधीचे बहुतेक जण सुधारले, पण काहींच्या पायांतल्या वेदना राहिल्या.