गूळ, खिळे आणि हिरडा

कोल्हापुरातील शिवाजी पेठेत, एका घराच्या गच्चीवर मुलांच्या चित्रांसाठी काळा रंग तयार करायला चिनी मातीची एक बरणी तीन आठवड्यांपासून उन्हात ठेवलेली आहे. तिच्यात एक लिटर पाणी, साधारण 100 ग्रॅम गूळ आणि जुन्या दाराचे मूठभर गंजलेले खिळे आहेत. तोंडाला झाकणाऐवजी फडके बांधले आहे, कारण गूळ आंबताना वायू सुटतो आणि घट्ट बसवलेले झाकण उडण्याची भीती असते. आंबण्यातून तयार होणारे आम्ल लोखंड हळूहळू विरघळवते. रोज सकाळी ढवळण्याची पाळी कोणाची, यावरून मुलांत होणारी भांडणे कृतीत धरलेली नव्हती.

कलमकारीचे, म्हणजे कापडावर कलमाने चित्रे काढणारे, कारागीर काळ्या रेषेसाठी असेच गूळ-लोखंडाचे पाणी वापरतात. दुसरा जिन्नस म्हणजे हिरडा, आणि तो कोल्हापूरला मुळीच परका नाही. येथील चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनमध्ये, टांगलेल्या कोल्हापुरी पायताणांचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावण्याची परंपरा आहे.

हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवून गाळली की पिवळसर तपकिरी पाणी मिळते. मुले ते जाड कागदावर फासून वाळवतात. मग कडुनिंबाच्या काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला बरणीतील पाण्यात बुडतो. त्या पाण्यात थोडा बाभळीचा डिंक आहे, म्हणजे रेषा पसरत नाही. कुंचला टेकताच फिकट रेघ डोळ्यांदेखत राखाडी आणि मग काळी होत जाते. हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगातून हा रंग तयार होतो, आणि हवा लागेल तसा तो अधिक गडद होतो. त्यामुळे घाईने चारदा गिरवलेली रेघ थोड्या वेळाने नको तितकी काळी दिसू लागते. मोठ्यांनाही हा धीर सहसा जमत नाही.

काळ्याच्या जोडीला दुसरा रंग हवा असेल, तर हळदीच्या पाण्याला खाण्याच्या सोड्याने लगेच तांबूस झाक येते, पण तो रंग उन्हात लवकर विटतो. कुंकवासाठी हळदीला लागणारा चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये, आणि बरणीतील पाणी कोणी चाखणार नाही याकडेही लक्ष ठेवावे.

आज एका मुलीने रात्रीचा रंकाळा तलाव काढला आणि सगळा कागद काळा करून टाकला. नंतर तिने लिंबाच्या रसात काडी बुडवून त्यावर आडव्या रेघा ओढल्या. लिंबाच्या आम्लाने काळा रंग जेथे उतरला, तेथे आता पाण्यावरचे चांदणे दिसते आहे.