पहिल्या वर्षाचा २.५: अमेरिकेत प्रीमेड करताना घसरलेला जीपीए कसा सावरायचा

[दृश्य: डिसेंबर. विद्यापीठाचं ग्रंथालय. लॅपटॉपवर पहिल्या सेमिस्टरचा निकाल.]

जनरल केमिस्ट्रीत सी. बायोलॉजीत बी मायनस. कॅल्क्युलसमध्ये सी प्लस. जीपीए म्हणजे या ग्रेडची सरासरी: ए चे ४ गुण, बी चे ३, सी चे २. शाळेत कायम पुढे असलेल्या मुलामुलींना असा निकाल पहिल्यांदाच दिसतो आणि घरी फोन करायचा धीर होत नाही.

अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट वैद्यकीय कॉलेज नसतं. आधी चार वर्षांची पदवी, तीही कुठल्याही विषयात. त्या काळात बायोलॉजी, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स यांचे लॅबसकट कोर्स करायचे, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही लागते, आणि मग एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊन अर्ज करायचा. हीच प्रीमेडची वाट.

महाराष्ट्रात शिकून तिकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांचा सल्ला इथे बऱ्याचदा चुकतो. त्यांनी पाहिलेल्या पद्धतीत बारावीला श्रेणीसुधार करता येतो. 'नीट' परीक्षा पुन्हा दिली तर त्या वर्षीचाच स्कोअर धरतात, मागचा कोणी विचारत नाही. म्हणून ते सहज सांगतात, "तोच विषय परत घे, मार्क सुधारतील." पण अमेरिकेतली मुख्य अर्जव्यवस्था ॲमकॅस प्रत्येक प्रयत्न मोजते. केमिस्ट्रीत आधी सी आणि नंतर ए मिळाला, तर दोन्ही धरले जातात आणि सरासरी येते ३.०. तुमच्या कॉलेजने मार्कशीटवर जुनी ग्रेड बदलून दिली तरी ॲमकॅस ती पुन्हा मोजते. ऑस्टिओपॅथिक (एमडीऐवजी डीओ पदवी देणाऱ्या) वैद्यकीय कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीच्या जागी बसायची. २०१७ पासून तीही सोय गेली.

म्हणजे जुनं पुसता येत नाही. त्यावर चांगल्या ग्रेडच्या क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरणारं कोर्सचं वजन) भर घालत जाणं एवढंच हातात उरतं.

[दृश्य: कागदावर हिशेब.]

पहिल्या वर्षी ३० क्रेडिट, जीपीए २.५. क्रेडिट गुणिले जीपीए, म्हणजे गुण झाले ७५. उरलेल्या ९० क्रेडिटमध्ये ३.८ राखला तर आणखी ३४२. बेरीज ४१७, भागिले १२०, म्हणजे ३.४८ च्या आसपास. तीच पडझड दोन वर्षं चालली, समजा ६० क्रेडिटला २.७, तर पुढच्या ६० क्रेडिटला ३.९ मिळवूनही एकूण ३.३० वरच थांबतो. उशीर किती महाग पडतो ते या दोन आकड्यांत दिसतं. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे ३.७५ च्या वर आहे, हेही समोर असू द्या.

बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए ॲमकॅस वेगळा काढते. तो प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र ओळीत छापलेला असतो. त्यामुळे निवड समितीला एकूण आकड्याबरोबर चढही दिसतो: २.५, ३.४, ३.८, ३.९. हा चढ सायन्सच्या रकान्यातही दिसायला हवा. सोपे ऐच्छिक विषय घेऊन एकूण आकडा फुगवला की शेजारचा रकाना ते लगेच उघडं करतो.

मग कोणता कोर्स परत घ्यायचा? सी मायनस, डी किंवा एफ असेल तर घ्यावाच लागतो, कारण बहुतेक वैद्यकीय कॉलेजं पूर्वअट म्हणून निदान सी मागतात. साधा सी असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: परत घेऊ नका. पाया कच्चा राहिला असेल तर सुट्टीत तो विषय स्वतः भरून काढा आणि बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी अशा वरच्या कोर्समध्ये ए मिळवा. त्याचं वजन जास्त पडतं.

[दृश्य: जानेवारी. ॲडव्हायझरच्या खोलीत वेळापत्रक.]

सर्वात नेहमीची चूक दुसऱ्या सेमिस्टरच्या वेळापत्रकात होते. भरपाई करायची म्हणून मुलं १८ क्रेडिट घेतात, त्यात तीन सायन्स आणि दोन लॅब. एका क्रेडिटला आठवड्याला वर्गाबाहेरचे दोन तास धरले, तर १८ क्रेडिटचे ३६ तास झाले, आणि वर्ग आणि लॅब वेगळेच. यात नोकरी आणि झोप बसत नाही. त्याऐवजी १२ ते १४ क्रेडिट आणि दोन सायन्स घ्या. तिथे ए यायला लागले की पुढच्या सेमिस्टरला १५-१६ वर जा. कायम हलकं वेळापत्रक ठेवलं तरी शंका येते, कारण वैद्यकीय कॉलेजात ओझं याच्या कितीतरी पट असतं. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी १२ क्रेडिटच्या खाली जाण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यायलाच हवी.

कोर्स बुडतोय असं दिसलं तर तो मुदतीत सोडता येतो. मार्कशीटवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडला) येतो, जीपीएत धरला जात नाही. एखाददुसऱ्या डब्ल्यूने बिघडत नाही. दर सेमिस्टरला एक येऊ लागला तर मात्र तो डाग ठरतो.

[दृश्य: वहीत बाणांनी काढलेल्या रासायनिक अभिक्रिया.]

आता अभ्यास. पहिल्या सेमिस्टरला घसरलेले विद्यार्थी बहुतेक वेळा कष्टाळूच असतात, फक्त त्यांचे तास चुकीच्या कामात जातात. पुस्तकाला रंग लावणं, नोट्स पुन्हा वाचणं, उत्तर उघडं ठेवून गणित 'समजून घेणं'. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चारदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. वाचून झाल्यावर 'येतंय' असं जे वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं, आणि परीक्षा तीन आठवड्यांनी असते.

म्हणून लेक्चरच्या दिवशीच, वही मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. मग तपासा. उदाहरण सोडवताना दहा-पंधरा मिनिटं उत्तराकडे बघू नका. चुकलेल्या उदाहरणांसाठी एक वेगळी वही ठेवा आणि त्यात प्रत्येक चूक का झाली ते लिहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण लागू करता आलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला. दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. दोन परीक्षांनंतर ही वही चाळली की दुखणं कुठे आहे ते कळतं.

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत पाठांतर सर्वात जास्त दगा देतं. अभिक्रियांची कार्डं तोंडपाठ असतात आणि परीक्षेत कधी न पाहिलेला रेणू येतो. टर्शरी कार्बनवर (तीन कार्बनना जोडलेल्या कार्बनवर) ब्रोमीन आहे, समोर टर्ट-ब्युटॉक्साइड हा बेस आहे. इतका अवजड, तीव्र बेस कार्बनपर्यंत पोहोचू शकत नाही, तो शेजारचा हायड्रोजन काढतो आणि ई२ (एका टप्प्यातलं एलिमिनेशन) होऊन दुहेरी बंध तयार होतो. 'कोणाचे इलेक्ट्रॉन कुठे जातात आणि का' हे दर वेळी बाणांनी हाताने काढलं असेल, तरच हे सुचतं.

मदत कॉलेजातच असते. मागच्या वर्षी तोच कोर्स उत्तम केलेला विद्यार्थी आठवड्याला गटसत्रं घेतो, त्याला सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन म्हणतात. ही पद्धत १९७३ मध्ये मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात डीना मार्टिन यांनी सुरू केली, तीही आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांसाठीच. दुसऱ्या आठवड्यापासून जा. परीक्षेच्या आदल्या दिवशी गेलं तर फायदा नाही. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्समध्येही (विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळेत) "मला काहीच कळत नाही" म्हणून जाऊ नका. आपण सोडवलेलं उदाहरण न्या आणि अडलेली ओळ दाखवा. पुढे शिफारसपत्र तेच लिहिणार असतात.

[दृश्य: पदवीदान समारंभ. मग संध्याकाळचा वर्ग.]

पदवी संपली आणि आकडा अजून ३.३० असेल, तर पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतरचे अंडरग्रॅज्युएट कोर्स करता येतात. मघाच्या १२० क्रेडिटवर ३० क्रेडिट ४.० ने घातली तर ३.४४ होतो. फरक छोटा वाटतो, पण त्या वर्षाची स्वतंत्र ओळ ४.० दाखवते. दुसरा मार्ग स्पेशल मास्टर्सचा. जॉर्जटाउन विद्यापीठासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे विषय घेऊन स्वतःला सिद्ध करता येतं. मात्र मास्टर्सच्या ग्रेड वेगळ्या मोजल्या जातात, अंडरग्रॅज्युएट जीपीए जागचा हलत नाही, आणि खर्च मोठा असतो. तिथे बी आणि सी आले तर पुढचा मार्ग जवळपास बंद होतो. अभ्यासाची पद्धत पक्की झाल्याशिवाय त्यात उतरू नये.

अर्ज एक वर्ष पुढे ढकलायला घाबरू नका. ॲमकॅस उन्हाळ्याच्या तोंडाशी भरला जातो, त्यामुळे तिसऱ्या वर्षानंतर लगेच अर्ज केला तर चौथ्या वर्षाच्या उत्तम ग्रेड मोजल्याच जात नाहीत. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर असतो. तो सराव चाचण्यांत हवा तो स्कोअर सलग येऊ लागल्यावरच द्या. आयुष्यात सात प्रयत्नांची मर्यादा आहे आणि प्रत्येक स्कोअर कॉलेजांना दिसतो. अर्जात पहिल्या वर्षाबद्दल लिहायची वेळ आली तर तीन-चार ओळी पुरतात: काय झालं, अभ्यासात काय बदललं, कोणत्या सेमिस्टरपासून ग्रेड वर गेल्या.