हळद, गोकर्ण आणि बीट

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय लहान मुलांच्या रंगांबद्दल, म्हणजे रंग विकत आणून देण्याबद्दल नाही, त्यांना रंग कालवू देण्याबद्दल. तीन वाट्या घ्या. एकीत हळदीचं पाणी, दुसरीत गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकून गाळून घेतलेलं पाणी, तिसरीत बीटाचं. तीनच हं, परत सांगते, तीनच वाट्या. बारा रंगांची पेटी पुढ्यात ठेवली की हिरवा आयताच मिळतो, मग पोर कालवेल कशाला? आणि गोकर्णाचा वेल तेवढा राहू द्या हो, हल्ली सोसायट्या कंपाउंडवरचे वेल उपटून तिथे प्लॅस्टिकचं गवत लावतात, फार वाईट वाटतं.

तर परवा बहिणीची नात आली होती, चार वर्षांची. तिला पोपट काढायचा होता आणि हिरवा कुठेय म्हणून माझ्या मागे लागली. म्हटलं, बघ बाई, या वाट्यांत सापडतो का. आधी बीट आणि हळद एकत्र केलं, केशरी झालं, नको म्हणाली. मग निळ्या पाण्याच्या अख्ख्या वाटीत एक चमचा हळद, तर निळं ते निळंच, जरा मळकट. ओठ बाहेर आले. मी गप्प. मग तिनेच उलटं केलं, पिवळ्यात निळं, थेंब थेंब, आणि एकदम ओरडली, "आजी, पोपट झाला!" कागद राहिला बाजूला, दोन्ही हात वाटीत. धुवायला मोरीत नेलं, कपड्याचा साबण लावला आणि पिवळे तळवे झाले लाल! "आजी, रक्त!" म्हणून भोकाड पसरलं. मी लिंबाची फोड चोळली, परत पिवळे. रडं बंद. मग परत साबण, परत लिंबू, परत साबण, तिकडे आई जेवायला हाका मारतेय आणि ही मोरीतून उठायला तयार नाही.

हळद साबणात, चुन्यात लाल होते, आंबटात पिवळी, हळदीचं कुंकू होतं ते असंच. रंगात रंग मिसळणं वेगळं आणि हे वेगळं, पण ते आत्ताच समजावत बसू नका. लक्षात एवढंच ठेवा, फिक्या रंगात गडद घालायचा, थोडा थोडा, आणि तेही मुलाला आधी सांगायचं नाही, सापडू द्यायचं. फिक्यात गडद. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं ते आजूबाजूला मिळेल त्याच वस्तू हाताशी घेऊन, महागडी साधनं आणून नाही. आणि ती छापील चित्रं रंगवायची पुस्तकं, रेघेबाहेर जाऊ नको म्हणणारी, मला मुळीच आवडत नाहीत, पोरांचे हात आखडतात त्याने.

सगळं एकत्र करून मातकट झालं तरी ओतून देऊ नका, झाडाचं खोड रंगवायला होतं. अंगात जुना बनियन घाला. कपड्यावर हळद सांडली आणि साबणाने लाल झाली तर घाबरू नका, धुवून कडक उन्हात टाका, उन्हाने डाग फिका पडतो. बीटाचा मात्र लगेच गार पाण्याखाली धरा, वाळू देऊ नका.