काइन तायो : हाताने जेवणाऱ्या एका देशाबद्दल

मंडळी, नमस्कार. माझी सत्तावीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक घरांतला एक तरी माणूस बोटीवर असतो, त्यामुळे तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक असेल : आपला माणूस व्यापारी जहाजावर चढला की त्याची फिलिपाइन्सच्या, म्हणजे फिलिपिनो, खलाशांशी गाठ पडतेच. जगभरच्या जहाजांना माणसं पुरवणाऱ्या मोठ्या देशांत ते आहेत आणि आपणही आहोत.

त्यांच्या मेसच्या दारावरून नुसतं पुढे गेलं, तरी आतून हाक येते, ‘काइन तायो, सर!’ म्हणजे ‘या, जेवू या’. आपल्याकडे ओटीवर जेवत बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला म्हणतो ना, ‘या जेवायला’, अगदी तसंच.

एका जहाजावरचा प्रसंग सांगतो. एक फिलिपिनो ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला कामगार, रात्रपाळी संपवून तळलेला मासा आणि भात हाताने खात बसला होता. वरचा एक अधिकारी आत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ‘तुम्ही लोक अजून जंगलातच राहता का?’ त्या पोराने निमूट उठून हात धुतला आणि चमचा घेतला. मी तिथेच उभा होतो. घरी वरणभात हाताने कालवून खाणारा मी एक शब्दही बोललो नाही. ते माझ्या मनात अजून सलतं, आणि आज हा विषय घेण्याचं खरं कारण तेच आहे.

पुढे त्या जहाजावरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मला आपल्या गावी घेऊन गेला. गाव बाकोलोद, निग्रोस बेटावरचं. सगळा उसाचा मुलूख. तिथे कोंबडी भाजून देणाऱ्या साध्या खानावळींची रांगच होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लांब टेबलं, निखाऱ्यांचा धूर. कोपऱ्यात नळ आणि साबण. माणूस आत शिरला की आधी नळाकडे जातो आणि मग बसतो. चमचा-काटा मागितला तर मिळतो, पण मागत कुणी नव्हतं.

ह्या कोंबडीला इनासाल म्हणतात. आलं, लसूण, गवती चहाची पात, व्हिनेगर आणि कालामान्सी नावाच्या सुपारीएवढ्या लिंबाचा रस लावून ती मुरवतात. मग काडीला टोचून निखाऱ्यावर धरतात आणि वरून आत्सुएते नावाच्या लाल बियांचं तेल फासत राहतात. माझ्यासमोर केळीच्या पानाचा तुकडा आला, त्यावर तंगडी आणि लसणीचा भात. सोबत तीन रिकाम्या वाट्या. मला वाटलं, पोऱ्या वाढायला विसरला. बोसनने एक वाटी पुढे ओढली, तीत सोया सॉस ओतला, कालामान्सी पिळलं, एक लाल मिरची बोटांनी चुरडली आणि वरून मसाल्याचं व्हिनेगर घातलं. मग वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाला, ‘सर, ही माझी. तुमची तुम्ही बनवा.’

ह्याला साव्सावान म्हणतात, म्हणजे बुडवून खायचं तोंडीलावणं. फिलिपिनो जेवणाचं मर्म मला इथे सापडलं. आचारी पदार्थ जवळजवळ पुरा करतो, पण शेवटचा आंबट-खारटपणा जेवणाऱ्याच्या हातात ठेवतो. शेजारच्या टेबलावर वाटीत वेगळंच काही कालवलं, म्हणून आचाऱ्याला राग येत नाही.

घास करण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. आपण वरण ओतून कालवतो. ते कालवत नाहीत. भात थोडा चिकट असतो. चार बोटांच्या टोकांनी त्याचा लहानसा ढीग जमवायचा, मांसाचा तुकडा वर ठेवून दाबायचा, तोंडाशी नेऊन अंगठ्याने आत लोटायचा. तळवा कोरडाच राहतो. हाड धरायला डावा हातही चालतो. शेवटी वापरलेली कालामान्सीची फोड बोटांवर चोळायची, म्हणजे तूपकट वास जातो.

तागालोग ह्या तिथल्या मुख्य भाषेत हाताला ‘कामाय’ म्हणतात, त्यावरून हाताने जेवण्याला ‘कामायान’. बाकोलोदच्या बाजूला हात म्हणजे ‘कामोत’, म्हणून तिथे ‘किनामोत’. शब्दांवरून आठवलं. चवीला तागालोगमध्ये ‘लासा’ म्हणतात, तो आपला ‘रस’. व्हिनेगरला ‘सुका’ म्हणतात. तो संस्कृत ‘चुक्र’पासून मलाय भाषेमार्गे गेला. आपला आंबट चुका, ज्याची आपण डाळ घालून पातळ भाजी करतो, तोही त्याच चुक्राचा. कच्च्या पपईच्या लोणच्याला ते ‘अत्चारा’ म्हणतात. आणि मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक ताम्रपट आहे, लागुना प्रांतात मिळालेला. त्यावर काळ कोरलाय तो शके ८२२, वैशाख महिना, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगातला शक त्या बेटांवर चालत होता!

तर मग हाताची लाज आली कुठून? १५६५ पासून स्पॅनिश आणि १८९८ नंतर अमेरिकन. चमचा-काटा त्यांच्याबरोबर आला, आणि अमेरिकन शाळांमध्ये तर मुलींना टेबलाच्या रीती धडा म्हणून शिकवल्या गेल्या. फिलिपिनोंनी त्यातून स्वतःची पद्धत काढली : उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याने भात चमच्यात लोटायचा. सुरी लागतच नाही. नीट पाहिलंत तर अंगठ्याचंच काम काट्याला दिलेलं आहे. आजही तिथलं रोजचं जेवण बहुतेक असंच होतं. हाताने खाणं राहिलं घरात, शेतावर, समुद्रकाठच्या सहलीत.

पण एवढं करूनही सुटका झाली नाही. २००६ साली कॅनडात माँट्रियलजवळच्या एका शाळेत सात वर्षांच्या फिलिपिनो मुलाला डब्याच्या वेळी बोलणी बसली, कारण तो चमचा आणि काटा दोन्ही वापरून, घरच्या रीतीने जेवत होता. मनिलात कॅनडाच्या दूतावासासमोर लोक चमचे-काटे घेऊन निदर्शनाला उभे राहिले. हे वाचलं तेव्हा मला तो ऑइलर आठवला. साहेबाची हत्यारं घेतली तरी ती ‘बरोबर’ धरली नाहीत म्हणून बोलणी खावी लागतात. मग आपला हात का सोडायचा?

आणि तो त्यांनी सोडला नाही. उलट तो चारचौघांत आणला. मांग इनासाल नावाचं दुकान २००३ साली फिलिपाइन्समधल्याच इलोइलो शहरात निघालं, कोंबडी आणि हवा तेवढा भात; आज त्याच्या शाखा देशभर आहेत आणि तिथे लोक हात धुऊन सरळ सुरुवात करतात. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली जीपनी नावाचं उपाहारगृह उघडलं, त्याच्या कामायान रात्रींना अमेरिकन गिऱ्हाइकं ताटल्यांशिवाय जेवायला येत. पोटासाठी परदेशी गेलेल्यांच्या मुलांनी घरातली ही रीत तिथे टेबलावर मांडली, ह्याचा मला फार आनंद आहे.

एक गोष्ट मात्र मला जड गेली, ती बूडल फाइट. नाव लष्करातलं, अमेरिकन सैनिकी बोलीतून आलेलं. लांब टेबलावर केळीची पानं एकाला एक लावून पसरतात. मध्ये भाताचा बांध. त्यावर तळलेला मासा, कोळंबी, भाजलेलं वांगं, भेंडी, खारवलेली अंडी, कैरी. दोन्ही बाजूंना माणसं उभी, खांद्याला खांदा लावून, अधिकारी आणि शिपाई शेजारी शेजारी. ताटली कुणालाच नाही. बोसनच्या घरी अंगणात असं पान मांडलं. माझ्या मनात आपलं उष्टं-खरकटं उभं राहिलं. आपल्या पंगतीत पान प्रत्येकाचं वेगळं असतं. मीठ-लिंबू कुठे, भाजी कुठे, सगळं ठरलेलं. पंगत पाहिली की मला अजून भरून येतं, पण कोण कुठे बसणार आणि कुणाला बाहेर बसवणार हेही तिथे ठरलेलं असे, ते मी माझ्या गावात पाहिलेलं आहे. इथे तर हद्दच नव्हती. मी हात मागे घेऊन उभा राहिलो. बोसनच्या आईने ते पाहिलं. तिने माशाचा काटा काढला, पोटाकडचा मऊ तुकडा भातावर ठेवला, आणि बोटांनी तो ढीग माझ्या बाजूला सरकवला. म्हणाली, ‘काओन ता’. त्यांच्या बोलीत, जेवू या.

मी तो घास खाल्ला.

आता फार बोलत नाही. वाचनालयाच्या मंडळींनी आज माझा हट्ट पुरवला आहे. मागच्या पडवीत टेबलं जोडून केळीची पानं पसरली आहेत. तिकडचा बांगुस मासा इथे मिळत नाही, म्हणून बांगडा तळला आहे. कालामान्सीच्या जागी कागदी लिंबं आहेत. जे मासे खात नाहीत, त्यांच्यासाठी वांगी, भेंडी आणि कैरी वेगळ्या टेबलावर आहेत. वाट्या रिकाम्या ठेवल्या आहेत, आपापलं तोंडीलावणं आपण करायचं. नळ दाराच्या डाव्या अंगाला आहे.

काइन तायो.