फुप्फुसाचा कर्करोग रक्तात दिसतो का?

सभागृहात शिरताना एका बाईंनी मला थांबवून विचारलं, “रक्ताच्या एका तपासणीत फुप्फुसाचा कर्करोग कळतो का हो?” आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपलीच असते. म्हणून ती रक्तात जी प्रथिनं सोडते तीही बहुधा आपलीच असतात. फक्त प्रमाण चुकलेलं असतं, नाहीतर वेळ. 1965 साली गोल्ड आणि फ्रीडमन या शास्त्रज्ञांना मोठ्या आतड्याच्या गाठीत एक प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखू शकते असा पदार्थ, सापडलं. ते गर्भाच्या आतड्यातही होतं, म्हणून नाव पडलं कार्सिनोएम्ब्रायोनिक अँटिजन, सीईए. हे आतड्याच्या कर्करोगाचंच असेल अशी आशा होती. पुढे ते फुप्फुसाच्या कर्करोगातही वाढतं असं दिसलं आणि कर्करोग नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांमध्येही. ज्यांची तपासणी करायची, नेमका त्यांच्यातच गोंधळ!

इतर खुणांचंही तसंच. सायफ्रा 21-1 म्हणजे सायटोकेरॅटिन 19 या प्रथिनाचे तुकडे. ते विशेषतः फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्क्वेमस प्रकारात वाढतात. स्मॉल सेल या दुसऱ्या प्रकारात एनएसई आणि प्रोजीआरपी ही दोन प्रथिनं पाहतात. पण एनएसई तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळे नमुन्यात त्या फुटल्या तर आकडा उगाच चढतो. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर प्रोजीआरपी वाढलेलं दिसतं.

आता एक हिशेब मांडू, आकडे कल्पित आहेत. हजार माणसं, त्यांतल्या दहांना कर्करोग. तपासणी शंभरातले 80 रुग्ण पकडते आणि शंभरातल्या 90 निरोगी माणसांना निरोगीच म्हणते. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात आठ रुग्ण सापडतील, दोघं निर्धास्त घरी जातील आणि 99 निरोगी माणसं कर्करोगाच्या भीतीने रात्र काढतील. त्या 99 जणांचा विचार मला सोडवत नाही.

निदान झालेल्या रुग्णात मात्र हाच आकडा कामाचा ठरतो. तिथे तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी असते. उपचारानंतर खाली आलेलं सीईए पुन्हा चढू लागलं तर डॉक्टर सावध होतात. फक्त तपासणी दर वेळी एकाच पद्धतीने व्हायला हवी.

मला स्वतःला सर्वात जास्त ओढ वाटते ती दुसऱ्या एका वाटेची. 1991 मध्ये मेज (MAGE) आणि 1997 मध्ये एनवाय-इएसओ-1 ही प्रतिजनं सापडली. त्यांची जनुकं प्रौढ शरीरात वृषणाखेरीज जवळपास सगळीकडे निजलेली असतात. काही गाठींमध्ये ती जागी होतात. गाठ लहान असताना असं प्रतिजन रक्तात इतकं थोडं असतं की हाती लागत नाही. पण प्रतिकारशक्तीने ते ओळखलं तर ती त्याच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ती मोजता येतात. प्रत्येक रुग्णात ती तयार होत नाहीत, म्हणून अनेक प्रतिपिंडं एकत्र मोजतात.

स्कॉटलंडमध्ये जास्त धोका असलेल्या 12,208 लोकांवर याची चाचणी झाली. निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले. दोन गट करून एकाच गटाची रक्ततपासणी केली आणि ज्यांच्यात प्रतिपिंडं आढळली त्यांचं सीटी स्कॅन केलं. दोन वर्षांत, रोग पुढच्या टप्प्यावर गेल्यावर निदान झालेले रुग्ण तपासणी केलेल्या गटात 33 होते, दुसऱ्या गटात 52. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तपासणी केलेल्या गटात ज्या 56 जणांना कर्करोग निघाला, त्यांतल्या 18 जणांचीच रक्ततपासणी सकारात्मक होती. बाकीच्या 38 जणांना रक्ताने काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून बाई, खूप वर्षं धूम्रपान केलेल्या माणसाला मी आजही आधी कमी मात्रेचं सीटी स्कॅन करायला सांगेन.